आर्मस्ट्राँगचा मनोरा आणि मध्यरात्रीचा जॅझ

हडसन नदीच्या पश्चिम तीरावर पॅलिसेड्सचे उभे कडे आहेत. या कड्यांच्या माथ्यावर, न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावात, सुमारे सव्वाचारशे फूट उंचीचा एक लोखंडी मनोरा आहे. त्याला तीन लांबलचक आडवे हात आहेत. शरदात रंगलेली पानं बघायला आम्ही मराठी मंडळी गाड्या काढून पॅलिसेड्स पार्कवेने जातो, तेव्हा हा मनोरा झाडांवरून डोकावतो. बहुतेकांना तो विजेच्या तारांचा वाटतो. मी मात्र प्रत्येक वेळी गाडीतल्यांना सांगते, की एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या माणसाने १९३७-३८ मध्ये पदरचे पैसे घालून हा उभारला आणि पूर्ण ताकदीचं पहिलं एफएम स्टेशन इथून चालवलं. मी रोज रात्री अकरानंतर दिवाणखान्यात जो जॅझ ऐकते, त्याचं मूळ या लोखंडात आहे.

आर्मस्ट्राँग नदीपलीकडच्या यॉन्कर्सचा. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्याने १९१२ मध्ये क्षीण लहरी वाढवणारं रिजनरेटिव्ह सर्किट शोधलं. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या सिग्नल खात्यात पॅरिसला असताना सुपरहेटरोडाइन रिसीव्हर काढला. आपल्याकडच्या मर्फी-फिलिप्सपासून आजच्या एफएमपर्यंत घराघरांतले रेडिओ याच तत्त्वावर चालत आले. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं, पण त्याला खरखर सहन होत नव्हती. वीज कडाडली, शेजारी मोटार सुरू झाली, की एएम रेडिओत ती खरखर गाण्यासकट येते, कारण एएममध्ये गाणं लहरीच्या उंचीवर लादलेलं असतं आणि वीजही त्या उंचीतच ढवळाढवळ करते. त्याने गाणं फ्रिक्वेन्सीवर लादलं, हेच एफएम. उंचीत काहीही गोंधळ होवो, रिसीव्हरने तो सरसकट छाटून टाकायचा.

ही कल्पना त्याच्याआधीही लोकांना सुचली होती. जॉन कार्सनसारख्या गणितज्ञाने १९२२ मध्ये हिशेब मांडून दाखवला होता, की या पद्धतीने फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद करता येणार नाही. सगळे पट्टा अरुंद करण्याच्या मागे लागले होते. आर्मस्ट्राँगने तो मुद्दाम रुंद केला, चांगला ऐसपैस, आणि खरखर गायब झाली. २६ डिसेंबर १९३३ला त्याला पेटंटं मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ला न्यूयॉर्कमध्ये रेडिओ इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रात्यक्षिक केलं. यॉन्कर्समधल्या मित्राच्या घरून प्रक्षेपण होत होतं. तिकडे पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगळला, आणि सभागृहात पाणी पाण्यासारखं नि कागद कागदासारखा ऐकू आला. मी नोकरीची सगळी वर्षं इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासण्यात घालवली. पेल्यात पाणी ओतून आपली अख्खी विद्या पटवून देणारं याहून चांगलं प्रात्यक्षिक माझ्या ऐकिवात नाही.

पुढचा इतिहास सुखाचा नाही. आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ त्याचा जुना मित्र. आर्मस्ट्राँगची बायको मॅरियन ही आधी सार्नॉफचीच सेक्रेटरी होती. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून १९३४ मध्ये एफएमच्या चाचण्या झाल्या त्या आरसीएच्याच मदतीने. पण आरसीएचा पैसा एएममध्ये गुंतला होता आणि डोळा टेलिव्हिजनवर होता. १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झवर एफएमची धंदेवाईक स्टेशनं सुरू झाली, लोकांनी रेडिओ घेतले, आणि १९४५ मध्ये सरकारच्या दळणवळण आयोगाने एफएमला उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवलं. लोकांनी घेतलेले लाखो रेडिओ हळूहळू निकामी झाले. १९४८ मध्ये आर्मस्ट्राँगने आरसीएवर पेटंटचा दावा लावला. त्यात पैसा गेला, प्रकृती गेली, संसार मोडला. ३१ जानेवारी १९५४च्या रात्री त्याने तेराव्या मजल्यावरच्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी टाकली. अल्पाइनचं स्टेशन त्याच वर्षी बंद पडलं. मॅरियन मात्र लढत राहिली. शेवटचा दावा ती १९६७ मध्ये जिंकली. मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत मोठी ती वाटते.

मी राहते प्लेन्सबरोत, प्रिन्स्टनजवळ. आरसीएची प्रयोगशाळा, जिला १९५१ मध्ये सार्नॉफचं नाव दिलं, ती इथून जवळच होती. त्या रस्त्याने कितीदा तरी जाणं होतं.

आता जॅझ एफएमवर कसा आला ते सांगायला हवं. एफएमच्या नव्या पट्ट्यातला ८८ ते ९२ हा डावीकडचा तुकडा विनाव्यापारी, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखून ठेवलेला होता. तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. पट्ट्याचा बाकीचा भागही स्वस्तच होता. बरेच मालक आपलं एएमचं स्टेशन तसंच्या तसं एफएमवर वाजवायचे. पन्नास टक्क्यांहून अधिक कार्यक्रम असे दुहेरी वाजवू नयेत, हा मोठ्या शहरांसाठीचा नियम १९६७च्या सुमारास लागू झाला तेव्हा कुठे एफएमला स्वतःचं काहीतरी वाजवणं भाग पडलं. जाहिरातदार रात्री अकरानंतरच्या वेळेकडे फिरकत नसत. ज्याला जाहिराती मिळत नाहीत असं संगीत, ज्याला भाव नाही असा पट्टा, आणि जी कुणाला विकत नको अशी वेळ. जॅझला एफएमवर घर मिळालं ते असं. आणि हे घर जॅझला फार मानवलं. झांजेवर ब्रशचा हलका हात, डबल बासच्या तारेची गुणगुण, तुतारीवाल्याने घेतलेला श्वास हे सगळं एएमच्या खरखरीत बुडून जायचं, ते इथे ऐकू येऊ लागलं. १ जून १९६१ पासून स्टिरिओ आला. एका १९ किलोहर्ट्झच्या सुरावर रिसीव्हरने डावं-उजवं वेगळं करायचं, अशी ती योजना. त्यानंतर तर ड्रम एका बाजूला, पियानो दुसरीकडे, असं खोलीत बसलेलं वादकमंडळ समोर आलं.

याचं एकच उदाहरण द्यायचं तर मी १९६५चं देईन. मॅनहॅटनमध्ये हडसन आणि स्प्रिंग या रस्त्यांच्या कोपऱ्यावर हाफ नोट नावाचा छोटा क्लब होता. डब्ल्यूएबीसी-एफएमवर अॅलन ग्रँट शुक्रवारी रात्री तिथून थेट प्रक्षेपण करायचा. २६ मार्च आणि ७ मेच्या रात्री तिथे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आपल्या तीन साथीदारांसह वाजवत होता: पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. एकेक चीज लांबलचक. पैकी एका चिजेत तर ग्रँटचं निवेदन सुरू होतं तेव्हा वादन आधीच ऐन रंगात आलेलं आहे. ग्रँट बोलून बाजूला होतो आणि कोल्ट्रेन पुढे चालूच राहतो, नुसत्या ड्रमच्या साथीने, श्वास कधी घेतो कळत नाही. लोकांनी ही प्रक्षेपणं घरी टेपवर उतरवून घेतली आणि त्या टेपांच्या नकला वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या. अधिकृत ध्वनिमुद्रिका निघाली थेट २००५ मध्ये. त्या रात्री स्टेशन लावून बसलेल्यांची झोप उडाली असणार. चाळीस वर्षं ज्यांनी त्या टेपा जपल्या, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चने १९६१ मध्ये डब्ल्यूआरव्हीआर सुरू केलं, १०६.७ वर. तिथे एड बीचचा जॅझचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. एका वेळी एकच कलावंत घ्यायचा आणि मन लावून ऐकवायचा, ही त्याची रीत. त्याच्या टेपा आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. स्टेशन पुढे विकलं गेलं आणि सप्टेंबर १९८० मध्ये रातोरात कंट्री संगीताचं झालं. न्यूयॉर्कच्या जॅझ श्रोत्यांना ती जखम अजून आठवते. सुदैवाने १९७९ मध्ये नेवर्कच्या शिक्षण मंडळाकडचं ८८.३ स्वतंत्र होऊन डब्ल्यूबीजीओ हे जॅझचं लोकस्टेशन उभं राहिलं होतं. त्याच्या पायाभरणीत डॉरथान कर्क होती, जॅझवादक रासान रोलँड कर्कची पत्नी. ते आजही रात्रभर चालू असतं. आणि ८९.९ वर आर्मस्ट्राँगच्याच कोलंबिया विद्यापीठाचं, विद्यार्थ्यांनी चालवलेलं डब्ल्यूकेसीआर. तिथे फिल शाप विद्यार्थी म्हणून १९७० मध्ये आला आणि २०२१ मध्ये वारला तोपर्यंत त्याचं बोलणं थांबलं नाही. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी फक्त सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर! एखादी तबकडी कुठल्या स्टुडिओत, कोणत्या दिवशी, कितव्या प्रयत्नात झाली हे तो असं सांगायचा, जसं आपल्याकडचे जुने श्रोते अमुक मैफलीतला तमुक मारवा सांगतात. ऑगस्टच्या अखेरीस लेस्टर यंग आणि चार्ली पार्कर यांच्या वाढदिवसांनिमित्त हे स्टेशन दिवसरात्र त्या दोघांनाच वाहिलेलं असतं. पहाटे तीन वाजता पार्कर ऐकावा तो याच दिवसांत.

आमच्या घरात जॅझ आला तो मात्र एफएमवरून नाही. पुण्यात दादा रात्री मर्फीवर शॉर्टवेव्हचा काटा फिरवायचा, व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हरसाठी. १९५५ मध्ये सुरू झालेला त्याचा कार्यक्रम एलिंग्टनच्या ‘टेक द ए ट्रेन’ने उघडायचा. कोनोव्हर शब्द सुटे सुटे, सावकाश बोलायचा, परदेशी माणसाला इंग्रजी कळावं म्हणून. तुतारीचा स्वर मात्र आम्हाला आधीपासून ओळखीचा होता. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त गोव्याच्या आल्दोनाचा चिक चॉकलेट वाजवून गेला होता, हे दादा अभिमानाने सांगायचा. शॉर्टवेव्हचा आवाज भरतीओहोटीसारखा चढायचा, उतरायचा, मध्येच विरून जायचा. कायद्यामुळे तो कार्यक्रम खुद्द अमेरिकेत प्रसारित होत नव्हता. इथे आल्यावर मी शेजाऱ्यांना कोनोव्हरचं नाव विचारलं, तर कुणालाच ते माहीत नव्हतं.

आता ट्यूनर. एफएमच्या बहराच्या काळात, साठ-सत्तरच्या दशकांत, नुसतं स्टेशन पकडण्याचं हे स्वतंत्र यंत्र लोक अॅम्प्लिफायरला जोडायचे, आणि त्याच्यावर कंपन्यांनी जीव ओतला. १९६४ मध्ये बाजारात आलेल्या मॅरँट्झ १०बी मध्ये व्हॉल्व्ह तर होतेच, शिवाय समोर छोटा ऑसिलोस्कोप होता, स्टेशन नेमकं लागलं की नाही ते डोळ्यांनी बघायला. त्याच्या खर्चापायी सॉल मॅरँट्झला कंपनी विकावी लागली. १९७०च्या दशकात मॅकिंटॉशचा एमआर ७८ आला. रिचर्ड मोडाफेरीने त्यात असा फिल्टर बसवला, की शेजारचं दांडगं स्टेशन बाजूला सारून क्षीण स्टेशन ऐकता यावं.

माझ्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरचा सान्सुई टीयू-७१७ आहे, एका घरातल्या सामानाच्या विक्रीत मिळालेला. आत वाळलेले कपॅसिटर बदलले, सिग्नल जनरेटर लावून १०.७ मेगाहर्ट्झची आयएफ, म्हणजे आतली मधली फ्रिक्वेन्सी, जुळवून घेतली. त्याची खरी परीक्षा माझ्या गावीच होते. प्लेन्सबरो न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या साधारण मध्यावर आहे. न्यूयॉर्कचं डब्ल्यूकेसीआर ८९.९ वर, तर टेंपल विद्यापीठाचं डब्ल्यूआरटीआय, जे दिवसा पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि संध्याकाळी सहानंतर जॅझ लावतं, ते ९०.१ वर. म्हणजे डायलवर अगदी खेटून. मोटरवर फिरणारी दिशादर्शी अँटेना छपरावर आहे. ती ईशान्येला वळवली की न्यूयॉर्क. ट्यूनरवरचं बटण ‘वाईड’वर असेल तर फिलाडेल्फियाचा सॅक्सोफोन कडेने फुसफुसत आत येतो. बटण ‘नॅरो’वर टाकलं की तो बाहेर. डावं-उजवं वेगळेपण किंचित कमी होतं, पण स्टेशन स्वच्छ होतं. जड चक्री नखाएवढी सरकवायची, मधला काटा बरोबर मध्ये आणायचा, दुसरा काटा जास्तीत जास्त उजवीकडे. उन्हाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली, की लांबची स्टेशनं येतात. अशा वेळी ९०.१ वर लाँग आयलंडच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाचंही स्टेशन डोकं काढतं. एकाच जागी दोन स्टेशनं आली तर एफएममध्ये जे जोरकस तेच ऐकू येतं, दुसरं पुरतं दबतं. हाही आर्मस्ट्राँगच्या पद्धतीचाच गुण. अँटेना थोडी नैर्ऋत्येला फिरवली की फिलाडेल्फिया जिंकतं.

हेच सगळं फोनवर विनासायास मिळतं, असं मुलगा म्हणतो. मिळतं, आणि स्टेशनं टिकायची तर तेही हवंच. पण इंटरनेटचं प्रक्षेपण बहुधा आवाज दाबून, आकुंचित करून येतं. जुळवलेल्या ट्यूनरवर, चांगल्या अँटेनेवर, थेट येणारा आवाज मला अधिक मोकळा वाटतो. पण हा थेट आवाज मनोऱ्यांवर अवलंबून असतो, हेही खरं. ११ सप्टेंबर २००१ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं तेव्हा डब्ल्यूकेसीआरची तिथली अँटेनाही गेली. न्यूयॉर्कच्या काही टीव्ही वाहिन्यांनी तेव्हा तात्पुरता आसरा घेतला तो अल्पाइनच्या याच मनोऱ्यावर.

तुमच्या घरात, पोटमाळ्यावर किंवा सासऱ्यांच्या सामानात असा जुना ट्यूनर पडला असेल तर तो भंगारात देऊ नका. पाठीमागे तीनशे ओहमच्या पट्टीतारेचा, दीड मीटर रुंद असा ‘टी’ आकाराचा डायपोल जोडा आणि खिडकीशी लावा. न्यू जर्सीत असाल तर आधी ८८.३ लावा, मग ८९.९, आणि नैर्ऋत्येला राहत असाल तर ९०.१. ही स्टेशनं जाहिरातींवर जगत नाहीत, श्रोत्यांच्या देणगीवर चालतात. त्यांनी वर्षातून दोनदा हात पसरला, की जमेल तेवढं द्या.