फीच्या पावतीत न दिसणारा खर्च

१/ महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च म्हटला की फीची पावती डोळ्यांसमोर येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा इतिहास सांगतो की कुटुंबावरचा खरा भार त्या पावतीत कधीच पूर्ण उतरला नाही.

२/ १९४७ साली डॉ. बी. पी. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय उभे केले. पदवीसाठी पुणे गाठण्याची सक्ती सरली. तरीही अकोले वा जामखेडच्या मुलाला नगर दूरच होते. खोली आणि खाणावळ सुटली नाही.

३/ हा न दिसणारा खर्च कर्मवीर भाऊराव पाटलांनी आधीच ओळखला होता. साताऱ्यातील वसतिगृहात मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह दागिने मोडले. पुढे ‘कमवा आणि शिका’ योजनेने विद्यार्थ्याच्या श्रमालाच खर्चाचा आधार बनवले. रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये नगर जिल्ह्यातही श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे निघाली.

४/ १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ केली. हीच ‘ई.बी.सी.’ सवलत. असंख्य घरांतील पहिला पदवीधर तिच्यामुळे घडला. पण माफ झाली ती फी. पुस्तके, एसटीचे भाडे आणि जेवण घरच्याच माथी राहिले.

५/ १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. प्रवरा परिसरात लोणीला असे महाविद्यालय निघाले. शिक्षण गावाजवळ आले, मात्र अनुदान नसल्याने फीच मोठी झाली. उसाचे पैसे हाती येणाऱ्या बागायतदाराला जे झेपले, त्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याला कर्ज काढावे लागले.

६/ सर्वांत अदृश्य रक्कम म्हणजे बुडालेली मजुरी. पाथर्डी, जामखेडकडील ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऐन सत्राच्या मध्यावर, दिवाळीच्या आसपास, गाव सोडतात. मुलगा महाविद्यालयात राहिला तर फडात दोन हात कमी पडतात. मुलगी राहिली तर धाकट्या भावंडांना आणि पालावरच्या स्वयंपाकाला कोण, हा प्रश्न उरतो. त्याची पावती कोणी फाडत नाही.

७/ २०२४ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पाऊल मोठेच. मात्र वसतिगृहातील जागा आणि दोन वेळचे जेवण यांचा हिशेब लागेपर्यंत लक्ष्मीबाईंसमोरचा प्रश्न अनेक घरांत तसाच राहील.