क्लासिक बँजो शिकायचाय? आधी तारा तपासा

महाराष्ट्रात 'बँजो' म्हटलं की गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवते. तिथे वाजतो तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला, बुलबुल तरंगाच्या घराण्यातला बँजो. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. गोल कड्यावर कातडं ताणलेला, लांब दांडीचा, पाच तारांचा अमेरिकन बँजो हे पूर्णपणे वेगळं वाद्य. 'क्लासिक फिंगरस्टाईल' ही त्याच बँजोची एक जुनी शैली.

क्लासिक शैली म्हणजे काय?

बँजोची मुळं पश्चिम आफ्रिकेत आहेत. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या लोकांनी हे वाद्य तिथे घडवलं. सुरुवातीला नखाने तारेवर खाली आघात करून ते वाजवत. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात गिटारसारखं, बोटांच्या टोकांनी तार छेडण्याची पद्धत रुळली. साधारण १८८० ते १९२० या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तिचा मोठा बोलबाला होता. वेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स यांची ध्वनिमुद्रणं गाजली. इंग्लंडच्या जो मॉर्ले यांच्या रचना आजही शिकवल्या जातात.

तारांचा एवढा बाऊ का?

कारण ही शैली आतड्याच्या तारांवर घडली. सारंगीला असते तशी तात. ती मऊ असते, त्यामुळे उघड्या बोटांनी वेगात वाजवता येतं आणि आवाज गोल, लाकडी येतो. आज तातीऐवजी नायलॉन किंवा तातीसारख्या आवाजाच्या कृत्रिम तारा वापरतात.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या बँजोंना मात्र स्टीलच्या तारा असतात. त्या ब्लूग्रास शैलीला शोभतात. त्या शैलीत बोटांवर नख्या चढवून वाजवतात.

जुना बँजो हाती लागला असेल तर जास्त जपा. तातीसाठी बनवलेल्या अनेक बँजोंच्या दांडीत आधाराची सळई नसते. स्टीलचा ताण जास्त असतो, त्याने दांडी कायमची वाकू शकते. तारा कसल्या आहेत कळत नसेल तर लोहचुंबक लावून बघा. स्टीलची तार चिकटते, नायलॉनची नाही.

तारा बदलताना काय बघायचं?

- पहिली आणि पाचवी तार सारख्याच जाडीची, साधारण अर्धा मिलिमीटर. दुसरी थोडी जाड, तिसरी त्याहून जाड. चौथीवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते.
- स्टीलच्या तारेला टोकाशी फासा असतो. नायलॉनला नसेल तर गाठ मारून बांधावी लागते.
- नायलॉन जाड असल्याने दांडीच्या टोकाच्या खाचेत नीट बसत नाही. खाच रुंद करायचं काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या.
- घोडी हलकी हवी. जड घोडीवर नायलॉनचा आवाज दबतो.
- नवी नायलॉन तार काही दिवस ताणली जाते. तोवर खुंट्या सारख्या पिळाव्या लागतील. तार खराब आहे असं समजू नका.

शिकायला सुरुवात कशी करायची?

चौथीपासून पहिलीपर्यंत सी, जी, बी, डी आणि आखूड पाचवी तार वरच्या जीवर लावा. नखं कापलेली ठेवा. करंगळी कातड्यावर हलकेच टेकवा. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनी वाजवा. एकाच तारेवर सलग स्वर असतील तर बोटं आलटून पालटून वापरा. एकाच बोटाची सवय लागली की वेग अडतो.

ही शैली पाश्चात्त्य स्वरलिपीतून शिकतात, त्यामुळे ती वाचायला शिकावंच लागतं. त्यातही एक मेख आहे. जुन्या अमेरिकन पुस्तकांत चौथ्या तारेचा स्वर 'ए' असा लिहिलेला असतो, तर इंग्लंडच्या पुस्तकांत 'सी'. बोटं तीच, लिखाण वेगळं. पुस्तक कोणत्या पद्धतीचं आहे हे आधी बघा, नाहीतर इतर वाद्यांसोबत वाजवताना सूर जुळणार नाहीत.

थोडक्यात, क्लासिक शैली शिकायला महागडा बँजो लागत नाही. आधी तारांचा संच बदला आणि मग पहिला धडा उघडा.