पाच भोकांची खोबण आणि मींड

माझ्या टेबलावर १९८०च्या दशकातला अटारी १०४० एसटी हा घरगुती संगणक आहे. लंडनहून कायमचे परतलेल्या मेहुण्यांनी तो भंगारात न घालता मला दिला. मी ना अभियंता, ना गवई. जे शिकलो ते पुस्तकं चाळून आणि चुका करून. या यंत्राने मला ज्या प्रश्नापाशी आणून सोडलं, तो मात्र आपल्या ओळखीचा निघाला.

अटारीच्या बाजूला पाच भोकांच्या दोन गोल खोबणी आहेत. जुन्या टेपरेकॉर्डरला असत तशाच. त्यांचं नाव मिडी. १९८१ साली डेव्ह स्मिथ आणि चेट वुड या अमेरिकी तंत्रज्ञांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी एक सामाईक भाषा सुचवली. जपानमधल्या रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ती कल्पना उचलून धरली. जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडली गेली. एकावर बोट ठेवलं की दुसरंही वाजू लागलं. १९८५मध्ये आलेल्या अटारी एसटीत ही खोबण मुळातच बसवलेली होती. कमॉडोर ६४ला त्यासाठी वेगळं कार्ट्रिज लावावं लागे. म्हणून स्टुडिओंनी अटारी आपलासा केला.

ही भाषा अगदी साधी आहे. जीएफए बेसिकमध्ये 'आउट ३, १४४, ६०, १००' एवढं लिहिलं की पुरे. ३ म्हणजे मिडीची वाट, १४४ म्हणजे पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू कर, ६० म्हणजे मधला सी आणि १०० म्हणजे आघाताचा जोर. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट धावतात, त्यामुळे तीन आकड्यांचा हा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. मी पहिल्यांदा भूप वाजवला तेव्हा घरातले सगळे टेबलाभोवती जमले होते.

मावशी मात्र गप्प होती. तिने चाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्या आहेत. ती म्हणाली, "पेटी झाली रे ही. पंचमावरून गंधारावर येऊन दाखव."

तिथेच गाडी अडली. मिडीत स्वराला क्रमांक असतो. ६० आणि ६१ यांच्या मध्ये जागाच नाही. १९४०पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामागचा आक्षेप हाच होता: बारा पट्ट्यांच्या मधलं संगीत कुठे गेलं? पट्टीवाल्या वाद्यांच्या कारखानदारांनी केलेल्या करारात तोच आक्षेप न विचारताच निकालात निघाला होता.

अर्थात एक खिडकी त्यांनी ठेवली होती. स्वर वाकवण्याच्या आज्ञेला १६,३८४ पायऱ्या असतात, आणि मधली ८,१९२वी. माझ्या सिंथेसायझरची वाकवण्याची मर्यादा मी दोन्ही बाजूंना बारा अर्धस्वर केली. पंचम ते गंधार तीन अर्धस्वर, म्हणजे २,०४८ पायऱ्या. षड्ज ६०वर धरला तर पंचम ६७. तो सुरू करायचा आणि ८,१९२वरून ६,१४४पर्यंत उतरायचं. मी चौसष्ट सारखे टप्पे पाडले.

"ही घसरगुंडी," मावशी म्हणाली. "मींड नव्हे."

मग तिने गाऊन दाखवलं. ती पंचमावर रेंगाळली, मध्यमाला न थांबता ओलांडलं आणि गंधारापाशी पुन्हा सावकाश झाली. मी सारखे टप्पे काढून टाकले. दोन्ही टोकांना छोटे आणि मध्ये मोठे असे टप्पे घातले. चार संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी ती म्हणाली, "आता निदान कळतंय कुठे निघालाय."

वाकवण्याची ती आज्ञा मात्र संपूर्ण वाहिनीला लागू होते. त्याच वाहिनीवर सोबतीला षड्ज धरला, तर पंचमाबरोबर तोही घसरतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय असलेलं मिडी २.० जाहीर व्हायला २०२० साल उजाडलं.

१९८३च्या कराराला मी नावं ठेवत नाही. प्रतिस्पर्ध्यांनी एक भाषा मान्य केली म्हणूनच त्या काळचं वाद्य आजच्या संगणकाशीही बोलतं. पण करार करताना टेबलाभोवती कोण बसलं होतं, हे त्या आकड्यांत आजही वाचता येतं. मावशीच्या मींडेचा तक्ता मी फ्लॉपीवर जपला आहे, आणि फ्लॉपीचा भरवसा नाही म्हणून वहीतही उतरवून ठेवला आहे.