खून खपला, बिनलग्नाचा संसार खपला नाही : ‘सखाराम बाइंडर’ आणि दुभंगलेला प्रेक्षक

१० मार्च १९७२ रोजी मुंबईत विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे. सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. अवघ्या १३ प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने नाटक रोखले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

सखाराम छापखान्यात पुस्तकांची बांधणी करतो. बार्शी-पंढरपूरकडच्या कुठल्याही बाजारपेठेत सापडावा असा हा माणूस. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बायकांना तो घरी आणतो, अन्नवस्त्र देतो, मोबदल्यात घरकाम आणि शरीरसुख घेतो. पटले नाही तर वाटेला लावतो. जन्माने ब्राह्मण असलेला सखाराम हे सारे शिवराळ भाषेत, न लाजता सांगतो. अखेरीस तो चंपाचा गळा आवळतो आणि देवभोळी लक्ष्मी प्रेत पुरायला मदत करते.

बायकोचा जीव घेणारा नवरा मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून रचलेला ‘झुंझारराव’ एकोणिसाव्या शतकातच रंगभूमीवर आला होता, आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. मग १९७२ मध्ये नेमके काय खुपले? लग्नाशिवाय चाललेला संसार, शिव्या, दारू, चंपाचे रंगमंचावर साडी बदलणे. खुनावर मात्र फारसा वाद झाला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याआधी १९७० मध्ये तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’त डॉ. श्रीराम लागूंना असाच अनुभव आला होता. भावांच्या मारहाणीने गर्भपात झालेल्या माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला आक्षेप घेतला गेला. डाग निळा करण्यात आला, आणि तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना प्रयोगाआधी सांगण्यात येऊ लागले. सेन्सॉरची याहून नेमकी थट्टा मराठी रंगभूमीवर क्वचितच झाली असेल!

‘सखाराम’चे समर्थकही एकमताचे नव्हते. काहींना तो ढोंगी समाजातला एकमेव प्रामाणिक माणूस वाटला. पण हा प्रामाणिक माणूस बायकांना पट्ट्याने मारतो, त्याचे काय? मोकळेपणाने जगणारी चंपा मरते आणि व्रतवैकल्ये करणारी लक्ष्मी तगते, यात समाजावर टीका आहे की चंपाला दिलेली शिक्षा, हा प्रश्न विरोधकांच्या आरडाओरड्यापेक्षा कितीतरी अवघड होता.

पुढे २००० साली फ्रान्समध्ये ‘बेझ-म्वा’ या गुन्हेपटाचा परवाना प्रदर्शनानंतर काही दिवसांतच रद्द झाला. तिथे मारणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, दिग्दर्शकही स्त्रियाच. कलास्वातंत्र्याचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशातही प्रेक्षक असाच दुभंगला.

मुंबईत निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ‘सखाराम’ पुन्हा रंगमंचावर आले, आणि त्या लढ्याची हकीकत सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली.