परजिल्ह्यातला जामीनदार

मोतीराम हा मध्य प्रदेशातला गवंडी. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, तरी सुटका होईना. मॅजिस्ट्रेटने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. सख्खा भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नामंजूर. प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला लावलं. गरिबाचा भाऊ परजिल्ह्यातला, म्हणून त्याची जामीनकी खोटी ठरत नाही, हे त्या दिवशी लिहून ठेवलं गेलं.

१९९२ साली आमच्या तालुक्यात ते कुणी वाचलं नव्हतं. कारखान्यातल्या मारामारीत माझे यजमान आत गेले. मी विड्या वळणारी बाई. वकील म्हणाले, जामीन झाला. मला वाटलं, संध्याकाळी घरी येतील. मग कळलं, ऐपतीचा दाखला हवा. माझा भाऊ सीमेपलीकडून, कर्नाटकातून, जमिनीचा उतारा घेऊन आला. टेबलावरच्या माणसाने कागद न उलगडताच परत सरकवला : ‘इथला माणूस आणा.’ कोर्टाच्या फाटकाबाहेर ‘इथला माणूस’ भाड्याने मिळायचा. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, सगळं खिशात तयार. कोण, कुठला, आरोपीला ओळखतो का, काही नाही. तरी तो चालायचा आणि माझा भाऊ चालत नव्हता. या अन्यायाचा राग मला आजही येतो. गळ्यातली पोत मोडून मी तोच माणूस उभा केला.

आपल्या हक्काची एकेक ओळ कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ महिला कैद्यांशी बोलल्या आणि त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी आदेश निघाला : अटक होताच माणसाला विचारायचं की कुणाला कळवू, आणि त्या नातेवाइकाला कळवायचं. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा सक्तीचा केला, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी. फुकट वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. आमच्या घरावर वेळ आली तेव्हा तो नुसता छापलेला होता.

आता मी कोर्टाच्या आवारात बायकांचे कागद लावून देते. मोतीरामच्या निकालाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी ‘स्थानिक जामीनदार आणा’ हे ऐकू येतंच. म्हणून ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं : स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, जामीन मंजूर होऊन महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं.

तेव्हा बायांनो, पोत मोडू नका. जामिनाच्या आदेशाची तारीख वहीत लिहून ठेवा. नवरा आतच असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा आणि अट कमी करण्याचा अर्ज करून घ्या. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.