'सर्वसाधारण' सुट्टी कोणाची?

शाळेची सुट्टी हा वरवर पाहता क्षुल्लक विषय. वर्षारंभी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर यादी लागते, पोरे ती वाचतात आणि खूश होतात. पण ही यादी म्हणजे एक सामाजिक दस्तऐवज असतो. कोणाचा दिवस सगळ्यांचा ठरतो आणि कोणाला आपल्या दिवसासाठी अर्ज करावा लागतो, हे त्यात नोंदलेले असते. शाळकरी वयात मी ६ डिसेंबरला वडिलांबरोबर चैत्यभूमीला गेलो होतो. परतल्यावर रजेच्या अर्जात कारण लिहिले, 'पोटदुखी'. खरे कारण लिहू नये असे मला कोणीही सांगितले नव्हते. वर्गात बसून ते आपोआप कळले होते. पुढे इतिहास शिकवू लागलो, अमेरिकेतील दोन खटले वाचनात आले, आणि त्या पोटदुखीचे मूळ कुठे होते ते उमगले.

अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या दुरुस्तीने १७९१ साली राज्यसंस्थेला धर्म प्रस्थापित करण्यास मनाई केली. तरीही इलिनॉय राज्याने १९४१ मध्ये कायदा करून गुड फ्रायडेला सर्व सरकारी शाळा बंद ठेवल्या. शिकागोच्या सरकारी शाळांतील एका शिक्षिकेने या कायद्याला आव्हान दिले. १९९५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांच्या निकालपत्रातील विवेचन मुळातून समजून घेण्यासारखे आहे. नाताळ हा आता धर्म न मानणाऱ्यांचाही सण झाला आहे. गुड फ्रायडे मात्र निव्वळ ख्रिस्ती श्रद्धेचा दिवस राहिला आहे. त्या दिवशी मुले येतच नसतील आणि शाळा उघडणे व्यर्थ ठरत असेल, तर ती बंद ठेवण्याला व्यावहारिक कारण आहे. पण तसा पुरावा राज्याने दिलाच नव्हता. शिवाय या कायद्यामुळे ख्रिस्ती माणसाला आपल्या दिवसासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. इतरांना ती एकेकट्याने मागावी लागते. माझा अर्ज मला इथे आठवला.

चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, दुसऱ्या एका संघीय अपील न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला. मेरीलँड राज्यात गुड फ्रायडेपासून ईस्टरनंतरच्या सोमवारपर्यंत शाळा बंद असत. माँटगोमरी काउंटीतील एका ज्यू शिक्षिकेने दावा लावला. न्यायालय म्हणाले, सणाला जोडून आलेल्या या दिवसांत गैरहजेरी फार असते, म्हणून सुट्टीमागे लौकिक हेतू आहे. त्याच काउंटीत ज्यूंच्या दोन मोठ्या सणांनाही शाळा बंद असत, आणि कारण तेच होते, गैरहजेरी.

म्हणजे धर्माच्या प्रश्नाचे उत्तर पटावरची डोकी मोजून द्यायचे! वरवर हा निकष निःपक्षपाती वाटतो. पण विखुरलेल्या, थोड्या संख्येच्या समाजाची डोकी कुठल्याच शाळेत पुरेशी भरत नाहीत. माँटगोमरीतील मुस्लिम पालकांना हाच अनुभव आला. ईदला सुट्टी मिळावी, निदान तिचे नाव यादीत यावे, ही त्यांची मागणी. २०१४ च्या नोव्हेंबरात शिक्षण मंडळाने काय केले? त्यांचे नाव घालण्याऐवजी सर्वांचीच नावे काढली. नाताळची झाली 'हिवाळी सुट्टी', ईस्टरची 'वसंत सुट्टी'. दिवस मात्र होते तेच राहिले. नाव पुसले की धार्मिक ते सर्वसाधारण होते, इतके हे सोपे!

या ठिकाणी बाबासाहेबांचे विवेचन आठवल्याशिवाय राहत नाही. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की अल्पसंख्याकांनी सत्तेत वाटा मागितला की तो जातीयवाद ठरतो आणि बहुसंख्याकांनी सारी सत्ता बळकावली की तिला राष्ट्रवाद म्हणतात. सुट्टीच्या यादीचे व्याकरण हेच आहे. बहुसंख्याकांचा सण 'आपली संस्कृती' असतो, आपला दिवस तेवढा 'त्यांचा कार्यक्रम'!

आपल्याकडे सार्वजनिक सुट्टीचा अधिकार मिळतो तो चेक-हुंड्यांच्या कायद्यातून, १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ मधून. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील राममंदिराच्या प्राणप्रतिष्ठेनिमित्त महाराष्ट्र शासनाने हाच अधिकार वापरून सुट्टी जाहीर केली. कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आदल्या दिवशी, रविवारी, खास बैठक झाली आणि याचिका फेटाळली गेली. सुट्टी हा शासनाच्या धोरणाचा विषय ठरला आणि याचिकेमागे राजकीय हेतू असल्याचा ठपका आला. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. पण चर्चा संपली असे मी मानत नाही. सुट्टीचे कारण विचारणाऱ्यालाच 'तुझा हेतू काय' असे विचारले जाते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवली पाहिजे.

खरोखर सर्वसाधारण म्हणावी अशी सुट्टी आपल्या इतिहासात आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार हे खरे, पण मागणीच्या मुळाशी राबणाऱ्या माणसाची विश्रांती होती. ती कोणत्याही जातीच्या कामगाराला लागू पडत होती.

आणि आपला सर्वांत मोठा दिवस? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमी होती. म्हणून आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे जमतात तेव्हा शाळांना सुट्टी असते, पण यादीत लिहिलेले असते 'दसरा'. माँटगोमरीत दिवस राहिला आणि नाव गेले. आपल्याकडे दिवस मिळाला, पण दुसऱ्याच्या नावाखाली.

मला सुट्ट्या वाढवून नको आहेत. ज्यांची पहिलीच पिढी शाळेत आली त्यांना शाळा बंद राहण्याचे कौतुक नसते. मागणी एवढीच, की सुट्टी देणाऱ्याने कारण उघड सांगावे आणि एका समाजाच्या पंचांगाला सर्वसाधारण म्हणू नये. आता माझ्या टेबलावर विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोटदुखी अजूनही वाढते. मी ते अर्ज परत करतो आणि सांगतो, रजा मिळेल. पण कारण खरे लिहा.