पोतोसीची बाळे आणि विरळ हवा
#थ्रेड #इतिहास

१) २४ डिसेंबर १५९८. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी या खाणनगरात एका स्पॅनिश दांपत्याला मुलगा झाला आणि तो जगला. घटना एवढीच. पण पुढे चाळीस वर्षांनी छापल्या गेलेल्या एका ग्रंथात तिची नोंद चमत्कार म्हणून झाली. कारण, ग्रंथकाराच्या म्हणण्याप्रमाणे, नगर वसल्यापासूनच्या ५३ वर्षांत तेथे जन्मलेले एकही स्पॅनिश मूल वाचले नव्हते.

२) पोतोसी समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरांहून उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर; म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक. १५४५ मध्ये तेथील सेर्रो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’, चांदीने भरलेला आढळला नसता, तर युरोपीय माणूस तेथे घर बांधायला गेलाच नसता. सतराव्या शतकाच्या आरंभी या ओसाड, थंड पठारावर लाखाच्या वर वस्ती होती. तिथल्या चांदीची नाणी सुरतेच्या आणि गोव्याच्या बाजारापर्यंत पोहोचली.

३) तो ग्रंथकार म्हणजे आंतोनियो दे ला कालांचा, ऑगस्टिनियन पंथाचा भिक्षू. १६३८-३९ च्या सुमारास बार्सिलोनात छापलेल्या त्याच्या बखरीत तो सांगतो, की पोतोसीत स्पॅनिश मुले जन्मताच किंवा पहिल्या पंधरवड्यात दगावत. म्हणून गरोदर स्त्रिया खालच्या उबदार खोऱ्यांत बाळंतपणाला उतरत आणि मूल वर्षाचे होईपर्यंत वर आणत नसत. १५९८ च्या त्या पित्याने मात्र संत निकोलास दे तोलेंतिनो याला नवस केला, मूल वाचले, आणि मुलाचे नाव अर्थातच निकोलास ठेवले गेले.

४) येथे क्षणभर थांबावे. संत निकोलास हा कोणत्या पंथाचा? ऑगस्टिनियन. आणि बखर कोणाची? ऑगस्टिनियन पंथाचीच! आपल्या पंथाच्या संताचा महिमा गाणाऱ्या लेखकाला ‘५३ वर्षांत एकही नाही’ हा आकडा किती सोयीचा होता, हे वेगळे सांगायला नको. तो शब्दशः खरा मानण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या दशकांत तेथे स्पॅनिश स्त्रियाच थोड्या होत्या. थंडी कडाक्याची होती. १५७० च्या दशकापासून चांदी शुद्ध करण्यासाठी पारा वापरला जाऊ लागला आणि त्याची वाफ नगराच्या हवेत मिसळली. बालमृत्यूचे खापर एकट्या उंचीवर फोडता येत नाही.

५) मग ही गोष्ट मोडीत काढायची का? माझ्या मते नाही. चमत्काराच्या कथेत संत बदलता येतो, पण बाळंतपणासाठी डोंगर उतरून जाण्याची रीत कोणी उगाच रचत नाही. शिवाय याच विषयावर दुसरा एक साक्षीदार आहे, आणि त्याला कोणत्याही संताची वकिली करायची नव्हती.

६) बेर्नाबे कोबो, जेझुइट पाद्री. त्याने १६५३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात अत्यंत बारकाईचे निरीक्षण आहे. तो म्हणतो, या थंड उंच प्रदेशांत मूळ रहिवाशांची मुले उत्तम वाढतात, स्पॅनिशांची बहुतेक मरतात. आणि ज्यांच्या अंगात मूळ रहिवाशांचे रक्त अर्धे वा पाव आहे, ती स्पॅनिश मुलांपेक्षा अधिक तग धरतात. कपडेलत्ते आणि निगा यांत स्पॅनिश मुलांचेच पारडे जड होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते. गरिबीने मुले मरत असती, तर क्रम उलटा लागला असता.

७) एक कटू बाजूही सांगितली पाहिजे. खाणीतल्या सक्तीच्या मजुरीसाठी, म्हणजे ‘मिता’ पद्धतीने, हजारो कुटुंबे पोतोसीला आणली जात. त्यांच्या झोपड्यांत किती बाळे गेली, याची बखर कोणी लिहिली नाही. ‘मूळ रहिवाशांची मुले उत्तम वाढतात’ हे वाक्य वाचताना ते लिहिणारा कोण होता, हे विसरू नये.

८) कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. होसे दे आकोस्ता याने १५९० मध्ये पेरूच्या घाटात स्वतःला झालेली मळमळ व उलट्या वर्णिल्या आणि तिथली हवा माणसाच्या श्वासाला पुरेल अशी नाही, फार सूक्ष्म आहे, असा तर्क केला. ऑक्सिजन हा शब्दच अजून दोनशे वर्षे दूर होता. शेवटी १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने दाखवले, की उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच राहते, पण हवेचा दाब उतरल्यामुळे तो शरीरात कमी शिरतो. पोतोसीत हा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्केच असतो.

९) आता खरे कोडे. गर्भ तर आधीच ऑक्सिजनच्या तुटपुंज्या शिधेवर जगत असतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट याच्या नावावर ‘गर्भाशयातील एव्हरेस्ट’ ही कल्पनाच आहे. नऊ महिने एव्हरेस्टवर काढलेल्या जीवाला पोतोसी का जड जावे?

१०) उत्तर फुप्फुसांत आहे. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. ऑक्सिजन नाळेतून येतो. जन्मताच पहिला श्वास आत जातो, ऑक्सिजन वाढतो, आणि या वाहिन्या उघडतात. समुद्रसपाटीवर बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी पहिल्या मिनिटाला ६० टक्क्यांच्या आसपास असते. दहा मिनिटांत ती ९० च्या घरात जाते. विरळ हवेत वाहिन्या उघडण्याची ही किल्लीच अपुरी पडते. वाहिन्या अर्धवट उघडतात किंवा पुन्हा आकसतात, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहावे लागते. काही बाळांचे हृदय काही आठवड्यांत थकते.

११) बारक्रॉफ्ट १९२१-२२ मध्ये पेरूतील सेर्रो दे पास्को येथे गेला आणि उंचीवर राहणारी माणसे शरीराने व बुद्धीने उणीच असतात, असा निष्कर्ष घेऊन परतला. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांना हे झोंबले. अँडीजचा माणूस उणा नसून त्या हवेत घडलेला आहे, हे सिद्ध करण्यात त्यांनी हयात घालवली, आणि त्यासाठी प्रयोगशाळेबरोबरच जुन्या बखरीही चाळल्या. कालांचाची ती गोष्ट वैद्यकाच्या जगात आली ती मोंगे यांच्यामुळे.

१२) पण बाळाचे रक्त न काढता त्यातला ऑक्सिजन मोजणार कसा? १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. होय, कोविडच्या काळात आपण घरोघरी बोटाला लावला तोच! तान्ह्या मुलाच्या पायाला तो लावता येऊ लागला, आणि कोबोचे निरीक्षण आकड्यांत तपासणे शक्य झाले.

१३) ही तपासणी झाली पोतोसीपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, तिबेटमधील ल्हासात. उंची ३,६५८ मीटर. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथेच जन्मलेली १५ तिबेटी आणि १५ हान चिनी बाळे होती. पहिल्या दोन दिवसांत फरक किरकोळ: तिबेटी ९४ टक्के, हान ९२. चार महिन्यांनी, गाढ झोपेत: तिबेटी ८६, हान ७६. हवा तीच, गाव तेच.

१४) त्याआधी १९८८ मध्ये ल्हासातूनच दगावलेल्या तान्ह्या मुलांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला होता. बहुतेक हान कुटुंबांतली, सखल प्रदेशात जन्मून वर आणलेली मुले. फुप्फुसांच्या वाहिन्या जाड झालेल्या, उजवे हृदय फुगलेले. पोतोसीच्या दगावलेल्या बाळांच्या छातीत काय घडले असावे, याचे आपल्याकडचे सर्वांत जवळचे चित्र हेच.

१५) तिबेटी लोकांच्या या देणगीत ईपास१ नावाच्या जनुकाच्या एका रूपाचा वाटा आहे. ते डेनिसोव्हन या लुप्त मानवांकडून आल्याचे २०१४ मध्ये समोर आले. अँडीजच्या लोकांनी वेगळी वाट काढली. गरोदरपणी तेथील स्त्रियांच्या गर्भाशयाकडे युरोपीय वंशाच्या स्त्रियांपेक्षा अधिक रक्त वाहते, त्यामुळे बाळाचे वजन उंचीवरही फारसे घटत नाही. एरवी दर हजार मीटरला ते सुमारे १०० ग्रॅम उतरते.

१६) २००८ मध्ये बोलिव्हियातीलच ला पाझ येथे संशोधकांनी आईवडिलांच्या आडनावांवरून वंश ठरवून बाळांची वजने ताडून पाहिली. मूळ अँडीज आडनावांची बाळे वजनदार, युरोपीय आडनावांची हलकी, आणि मिश्र आडनावांची मधोमध. कोबोने १६५३ मध्ये लावलेला क्रम हाच होता.

(समाप्त)